घुंडीवरची सुतळी

शालू जिना चढून आली आणि पाण्याचा पेला तसाच ठेवून बोलू लागली.

"अंगद माझ्या नवऱ्यामुळं मेला म्हणतेत. उद्या त्याला कोर्टात उभं करणार हायेत."

जुन्या जालन्यात, धान्याच्या दुकानावरच्या खोलीत अक्षता खासगी तपासाची कामं करायची. गिऱ्हाईक तुटलं तरी बेहत्तर, पण ती खोटं बोलत नसे. जोडीला निवृत्त हवालदार तातेराव. माणूस सोन्यासारखा, फक्त डोकं जरा सावकाश चाले.

हकिकत साधी होती. अंगदनं दोन वर्षं खपून एक जुनी स्पोर्ट्स कार नव्यानं बांधली होती. शालूचा नवरा संपत त्याचा मेकॅनिक आणि जिगरी दोस्त. दसऱ्याला गाडीची पूजा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी शहागडच्या पुलाजवळ म्हैस आडवी आली. अंगदनं ब्रेक दाबताच गाडी गर्रकन फिरली आणि कठड्यावर आदळली. त्याचे वडील काकासाहेब यांनी संपतवर फिर्याद दिली.

पुलाजवळ रस्त्यावर टायरचे काळे पट्टे अजून होते.

"पट्टे फक्त मागच्या चाकांचे आहेत," अक्षता म्हणाली.

"म्हंजे पुढचे ब्रेक फेल गेल्ते?"

"नाही, तातेराव. मागची चाकं आधी जाम झाली."

कोठडीत संपत भिंतीला टेकून बसला होता.

"मागच्या चाकांना ब्रेकचा दाब किती जावा, ते ठरवणारा व्हॉल्व्ह बसवला, मॅडम. मी म्हणलं, लिव्हरवाला घे. सीटपाशी राहतो, कोणत्या खाचेत हाये ते नजरंला दिसतं. अंगद म्हणला, बारीक सेटिंग पाहिजे, घुंडीवालाच घे. तो बसला बॉनेटखाली. मागचा दाब कमी ठेवून बराबर जमवला. पूजेच्या टायमाला घुंडीपासून खाली व्हॉल्व्हपर्यंत कुंकवाची एक रेघ ओढली. हलली तर कळावं म्हणून."

ठाण्याच्या आवारात चेपलेल्या गाडीचं बॉनेट उघडलं, तेव्हा रेघ तुटलेली दिसली. खालचा तुकडा समोर होता, घुंडीवरचा फिरून मागं गेला होता. घुंडीला सुतळीचे दोन वेढे घालून गच्च गाठ मारली होती. पंचनाम्यात तिचा उल्लेखही नव्हता.

"कुणीतरी फिरवली. खूनच की हा," तातेराव म्हणाले.

"खून करणारा घुंडी ढिली पडू नये म्हणून बांधून ठेवतो का?"

अंगदचा चुलतभाऊ धर्मराज घराच्या ओट्यावर भेटला. त्यानं आडपडदा ठेवला नाही. "ती गाडी मलाही पाहिजे होती. पण पूजेनंतर गाडीला कुलूप आन किल्ली काकांच्या खिशात. सकाळी अंगददादानं ती मागून घेतली आन तसाच निघाला."

काकासाहेब मागच्या अंगणात ट्रॅक्टरपाशी उभे होते. दसऱ्याची झेंडूची माळ ट्रॅक्टरवर सुकली होती.

"याचे ब्रेक कोण ताणतं?" अक्षतानं विचारलं.

"मीच. चाळीस वर्षं. दुसऱ्याला हात लावू देत न्हाई. संपतनं मागचे ब्रेक ढिले ठेवले, म्हणून माझं पोरगं गेलं."

अक्षता वाकली. ट्रॅक्टरच्या ब्रेकच्या नटावर सुतळीचे दोन वेढे होते. गाठ तीच. तिला पुढचं बोलवेना, पण शालूचा नवरा कोठडीत होता.

"काकासाहेब, रेघ तुटली पूजेनंतर. तेव्हा किल्ली तुमच्यापाशी होती. घुंडीवर सुतळी आहे, गाठ ही अशीच. घुंडी तुम्ही फिरवली."

"फिरवली," ते लगेच म्हणाले. "अंगदनंच दाखवली होती. बाबा, मागचा ब्रेक कमी ठेवलाय म्हणला. पोरगं जोरात चालवतं, मंग ब्रेक कमी कसा चालंल? सांजच्याला मी घट्ट केला. चांगलंच केलं, तरी कमीच पडला."

"ट्रॅक्टरला ब्रेक मागच्याच चाकांना असतो," अक्षता हळू म्हणाली. "वजनही मागंच. कारचं तसं नसतं. जोरात ब्रेक मारला की वजन पुढं जातं, मागची बाजू हलकी होते. तिथं दाब वाढवला की चाकं जाम होतात आणि गाडी फिरते. लिव्हर असता तर अंगदला बदल दिसला असता. घुंडी बॉनेटखाली झाकलेली होती."

काकासाहेब ट्रॅक्टरच्या चाकाला धरून खाली बसले. तातेरावांनी डोक्यावरची टोपी काढली. बऱ्याच वेळानं काकासाहेब उठले.

"चला ठाण्यात. संपतला सोडवायचंय."

फाटकापाशी ते थांबले.

"घुंडी मी फिरवली, हे त्या टायमाला अंगदला कळलं आसंल का?"

गाडी फिरली त्या क्षणी घुंडी कुणीतरी हलवलीय, हे अंगदला कळलंच असणार. किल्ली कुणापाशी होती ते त्याला ठाऊक होतं.

"नाही," अक्षता म्हणाली.