आण्णांचा डोळा

"आण्णांना हिचा हात लागता कामा न्हाय. दुसरा डॉक्टर बोलवा," म्हणत पृथ्वीराज ऑपरेशन थिएटरच्या दारात आडवा उभा राहिला, आणि भूलतज्ज्ञ क्रांतीच्या अंतःकरणात अकरा वर्षे दडपलेली वेदना उसळून आली... ठरलेले लग्न मोडून ती डॉक्टर व्हायला निघाली तेव्हा ह्याच धाकट्या भावाने तिची बॅग रस्त्यावर ठेवली होती, आणि आण्णांनी 'मला लेक न्हाय' म्हणत पाठ फिरवली होती.

पण आज ती मान खाली घालणार नव्हती.

"दुसरा यायला दोन तास लागतील. फौंड्रीतला लोखंडाचा तुकडा डोळा फाडून आत गेलाय. तेवढा वेळ न्हाय. सही कर आन् बाजूला हो."

त्याने सही केली.

टेबलावर आण्णा जागे, पण निपचित पडले होते. "मी क्रांती. भूल मी देणार हाय. नको असलं तर आत्ताच सांगा," ती म्हणाली. आण्णांनी हात पुढे केला.

त्यांचे हृदय अशक्त, म्हणून हृदयाला जपणारे औषध निवडावे लागले होते. पण त्या औषधाने झोप लागता लागता अंगाला नकळत झटके येतात, आणि एका हिसक्यानेही फाटलेल्या डोळ्यातले सारे बाहेर येऊन दृष्टी कायमची गेली असती. म्हणून तिने आधी झटके रोखणाऱ्या औषधाची छोटी मात्रा दिली आणि घड्याळाकडे पाहत थांबली.

"मॅडम, उशीर होतोय," सर्जन कुरकुरले.

"होऊ दे. हे अंग हललं तर जबाबदार मी. दोन मिनिटं कुणी घाई करायची नाही."

मग तिने मुख्य औषध सोडले. श्वास रोखून ती वडिलांच्या हातांकडे पाहत राहिली... बोटसुद्धा हलले नाही.

डोळा वाचला. संध्याकाळी वॉर्डात आण्णा शुद्धीवर होते. दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. त्यांनी विचारले, "क्रांती आली का?"

"आले. पण माफी मागायला न्हाय, आण्णा. शिकले त्यात माझी चूक नव्हती."

"व्हय," आण्णा म्हणाले, "चूक माझी हुती... पृथ्वी, उभा काय ऱ्हायलास? आक्काला खुर्ची दे की."

पृथ्वीराजने खुर्ची ओढली, बाहीने पुसली आणि मान वर न करताच म्हणाला, "बस, आक्का."

ती बसली, आणि मग मात्र तिला अश्रू आवरले नाहीत.