कात्रीने फाइल बारीक केली

अंमळ जवळ बसा, आणि गोष्ट संपेपर्यंत कुणी उठू नका.

एका ऑफिसात एक साहेब होता. तोंडावर सगळे ‘सर’ म्हणायचे, पाठ वळली की ‘कात्री’. कारण कुणी तोंड उघडलं की हा कचकन कापायचा. “थोडक्यात.” “पुढे?” “मुद्दा काय?” स्वतः बोलायला लागला की मात्र मालगाडी! डबे संपता संपायचे नाहीत आणि प्रत्येक डब्यात शिव्या. घाणेरड्या नाहीत हां, शिकलेल्या माणसाच्या. बावळट, बिनडोक, गाढव, आणि वर “तुला कामावर घेतलं कुणी?”

ऑफिसचं काम गावभरच्या लिफ्ट सांभाळायचं. लिफ्टमध्ये कुणी अडकलं आणि घंटीचं बटण दाबलं, की ऑफिसात निरोप यायचा. सगळ्यांनी एकदम दाबलं तर ढकलाढकली नको, म्हणून निरोपांना रांगेत उभं करणारं एक सॉफ्टवेअर होतं. ज्या निरोपाचं काय करायचं ते त्याला कळायचं नाही, त्याची तक्रार ते एरर फाइलमध्ये लिहून ठेवायचं.

त्या दुपारी कात्रीला जेवायला जायचं होतं. त्याआधी एक फुटकळ काम उरकायचं होतं. डिस्क भरत आली होती.

टेबलाशी नवी बसली होती. नवी म्हणजे नव्याने लागलेली पोरगी.

“सर, एररची फाइल फुगलीय. एकच लिफ्ट सारखी निरोप पाठवतेय, पण ती आपल्या यादीतच नाही. म्हणून निरोप कुणाला द्यायचा ते सॉफ्टवेअरला कळत नाही आणि दर खेपेला...”

“थोडक्यात!”

“कुणीतरी अडकलंय, सर.”

“नसलेल्या लिफ्टमध्ये?”

“यादी चुकली असेल. आधी लिफ्ट शोधूया ना.”

“नसलेल्या लिफ्टमध्ये नसलेली माणसं अडकलीयत, आणि बाईसाहेब निघाल्या सोडवायला! अगं, फाइल फुगली तर फाइल बारीक करायची. एवढी अक्कल वाटत होते तेव्हा तू कुठे होतीस? ऊठ.”

तिच्या खुर्चीत बसून त्याने फाइलच्या कमाल आकाराचा आकडा उघडला आणि पुढची शून्यं एकेक करून खोडली. आता हे नीट ऐका. अशा फायली तीन असतात. पहिली भरली की तिच्यातलं दुसरीत जातं, दुसरीतलं तिसरीत, आणि तिसरीतलं बाहेर. शाळेच्या बाकासारखंच. तिघं बसलेत, चौथ्याने ढुंगण घुसवलं की कडेचा धपकन खाली. कात्रीने तो बाकच वीतभर करून टाकला. डिस्क हलकी झाली, स्क्रीनवरचे लाल-पिवळे इशारे गेले, कात्री खूश.

नवीने हळूच विचारलं, “सर, तिसरीतून बाहेर पडतं ते जातं कुठे?”

“खड्ड्यात,” असं म्हणून हा जेवायला निघाला.

चार मजले पायी उतरायला काय झालं होतं? पण नाही, साहेबांना लिफ्ट लागते. दार मिटलं. लिफ्ट निघाली, जराशी उतरली आणि थांबली. पंखा घरघरत घरघरत मेला. दिवा विझला नाही, नुसता पिवळा पडला, कावीळ झाल्यासारखा.

मग वास आला. बंद वर्गात पन्नास पोरं दुपारभर कोंडली की येतो ना, तसला. आत तर हा एकटाच. त्याने नाक मुरडलं आणि मनातल्या मनात झाडूवाल्याला झापलं.

मग घंटीचं बटण दाबलं. बटणाखालच्या जाळीतून नवीचा आवाज आला.

“अय्या! बोला, बोला! इतके दिवस नुसतं बटण दाबत होतात, आज आवाज आला! कुठली लिफ्ट? हा नंबर आमच्या यादीत नाहीये हो.”

कात्रीचं डोकं एवढं काही मंद नव्हतं. गावातल्या यच्चयावत लिफ्ट यादीत चढवल्या होत्या, आणि ऑफिसची स्वतःची तेवढी राहिली होती! दिव्याखाली अंधार, दुसरं काय? पण या लिफ्टमधून तर रोज सगळे खालीवर करायचे. मग इतके दिवस बटण दाबत होतं कोण, हा विचार त्याच्या डोक्यात आला, आणि त्याने तोही कचकन कापला.

“मी तुझा साहेब बोलतोय. आपल्याच ऑफिसच्या लिफ्टमध्ये अडकलोय. मेकॅनिकला पाठव. आणि तोंड काय वासतेस, बिनडोक! हलव हातपाय, की त्यालाही मुहूर्त काढू?”

जाळी खरखरली. मग नवी म्हणाली, “कसला मुहूर्त? कोण बोलतंय?”

“अगं, मी! आत्ताच सांगितलं ना! लिफ्टमध्ये आहे मी! बहिरी आहेस का बावळट आहेस, का दोन्ही? उद्या कामावर येऊच नकोस!”

“कुठे येऊ नको? हे बघा काका, बायकांना असे फोन करायला लाज नाही वाटत?”

खट्.

ती मस्करी करत नव्हती. आवाज खराखुरा चिडलेला होता. कात्रीने पुन्हा बटण दाबलं, पुन्हा सगळं सांगितलं आणि शेवटी पुन्हा जीभ सैल सोडली. पुन्हा तेच. शेवटच्या शिव्या तिला ऐकू यायच्या, आधीचं सगळं तिच्या कानातून गळून पडायचं.

आणि मग त्याला कळलं. बाक! याचं बोलणंच बाकावर बसलं होतं. प्रत्येक शिवी घुसत होती आणि ‘अडकलोय’ला कडेवरून खाली पाडत होती.

त्याने पाठ भिंतीला टेकवली. पत्र्याची भिंत. पत्रा गार लागायला हवा. हा कोमट होता... आणि हळूहळू, अगदी हळूहळू, पुढे येत होता, मागे जात होता. झोपलेल्या माणसाच्या पाठीसारखा. कात्री टुणकन मधोमध येऊन उभा राहिला. इथून सुटला नाही, तर अडकल्याचं उद्या कुणाच्या ध्यानातसुद्धा राहणार नव्हतं.

त्याने बटण दाबलं. ओठ चावून धरले. घशापर्यंत आलेली ‘गाढव’ गिळली, कडू औषधासारखी.

“ऑफिसचीच लिफ्ट... अडकलोय... उघड.”

“आपलीच? अगं बाई! थांबा हं, मामांना पाठवते. घाबरू नका!”

बघा, तीन घासात काम झालं! जन्मभर दुसऱ्यांना थोडक्यात सांगायला लावलं, स्वतः एकदाच केलं.

मामा म्हणजे ऑफिसचा म्हातारा मेकॅनिक, तळमजल्यावर बसायचा. सगळे त्याला अहो-जाहो करायचे, कात्री सोडून. वर बुटांचा आवाज आला, किल्ली फिरली, दार किरकिरत सरकलं. बाहेरचा उजेड आत पडला. लिफ्ट मजल्याच्या हातभर खाली लटकली होती. मामाने गुडघे टेकून वाकून पाहिलं.

“अहो सर, तुम्ही होय! या, हात द्या.”

हात समोर होता. तेलकट, काळा, दणकट. नुसता धरायचा होता हो. तोंड मिटून धरायचा होता!

पण कात्री तो कात्रीच.

“एवढा वेळ लागतो?” तो ओरडला. “चार मजले चढायला तुला वरात लागते का?”

मामाचा हात तिथेच थबकला.

“म्हातारा झालास तर घरी बस ना, गाढवा!”

मामाची नजर त्याच्या डोळ्यांवरून खांद्यावर घसरली. कात्रीला ते दिसलं. आता गप्प बसायचं हेही त्याला कळलं. पण पुढची शिवी जिभेच्या टोकावर येऊन बसलेली होती, आणि सवय वाईट.

“बिनडोक...”

तिसरीही बाकात घुसली, आणि या खेपेला कडेचा कात्रीच खाली. मामाची नजर त्याच्यातून आरपार गेली, मागच्या भिंतीवर. मामाने डोळे बारीक करून चारी कोपरे पाहिले. हात मागे घेतला, पँटला पुसला. मग फोन काढला.

“रिकामीच आहे गं पोरी. कुणीतरी वात्रटपणा केला.”

“मामा!” कात्री किंचाळला. जन्मात पहिल्यांदा मामा म्हणाला. “अहो मामा, मी इथे... हा काय... तुमच्या समोर...”

मामा उठला, गुडघे झटकले, आणि दार लोटलं. उजेडाची फट बारीक होत गेली, दोऱ्याएवढी झाली, मिटली. बुटांचा आवाज लांब गेला.

कात्रीने दारावर मुठी आपटल्या. घसा फाटेस्तोवर ओरडला. दम लागला तेव्हा थांबला.

तेव्हा त्याच्या मागून, अगदी कानाशी, एक बाई कुजबुजली.

“हळू बोला ना, भाऊ... बाळ आत्ताच झोपलंय.”