कोरा हात

डासांना ती फार आवडायची. दुसऱ्या कुणाचा हात पिंजऱ्यात गेला की डास जरा विचार करायचे. तिचा गेला की तुटून पडायचे. म्हणून प्रयोगशाळेत तिचं नाव पडलं साखर. असल्या कौतुकाचं लोणचं घालायचं का, सांगा! पण नोकरी त्याच्यावरच टिकून होती. रानातल्या वासाच्या झाडपाल्यातून तेलं काढायची आणि कुठल्या तेलाने डास पळतात ते बघायचं, हे तिथलं काम. जाळीच्या पिंजऱ्याला दोन बाह्या शिवलेल्या, त्यांतून दोन्ही हात आत घालायचे. एकाला तेल लावलेलं, दुसरा कोरा. कोऱ्या हातावर डास बसलेच पाहिजेत. नाही बसले तर ते भुकेलेच नव्हते असं धरून चाचणी बाद.

ते नवं झुडूप डोंगराच्या उतारावरून आलं होतं. तेलं काढणाऱ्या रसायनवाल्याने पानं वाफेवर ठेवली, नळीत पाण्यावर पिवळसर तेलाचा थर जमला. तेलात काय काय आहे त्याचा यंत्राने आलेख काढला, त्यावर सगळी ओळखीची मंडळी होती, सिट्रोनेलाल, लिनालूल, थोडंसं थायमॉल. शेवटी मात्र एक पसरट उंचवटा, आणि त्याची जोड यंत्राच्या साठ्यात कुठेच सापडेना.

"हा कोण पाहुणा?" साखरने विचारलं.

"असेल काहीतरी. शेवटच्या थेंबांत उतरलाय. वास घेऊन बघ, मला तर काहीच येत नाही."

तिने बाटली नाकाशी नेली. तिच्या मुलीच्या टाळूला येतो, अगदी तो वास.

मुलगी अजून अंगावर पीत होती. अंगावर पाजणाऱ्या बाईने चाचणीला हात द्यायचा नाही असा नियम होता. प्रयोगशाळेच्या सरांनी विचारलं नाही, आणि नोकरीत कायम व्हायची वाट बघणाऱ्या बाईने आपण होऊन कशाला सांगावं?

तिने दोन्ही हात पिंजऱ्यात घातले. तेलाच्या हातावर एकही डास बसला नाही. कोऱ्यावरही नाही.

"पोट भरलेलं असेल मेल्यांचं," म्हणत रसायनवाल्याने स्वतःचा हात आत घातला. डास तुटून पडले. तो शिव्या घालत हात चोळत बसला.

दुसऱ्या दिवशी तिने साबणाने हात घासून घासून लाल केले. तरी तेच. त्यानंतरही तेच.

सर हरखून गेले. "एका हाताला लावलं तरी दोन्ही वाचतात, आणि असर जातच नाही! सोनं आहे हे, सोनं!"

"सर, घरी मुलगी अंगावर घेत नाहीये. जवळ घेतली की तोंड फिरवते, रडून काळीनिळी होते."

"मग बाटली लाव. आमच्या दोन्ही पोरांना बाटलीच होती."

हा म्हणे शास्त्रज्ञ! हिचा जीव तीळतीळ तुटतोय, आणि हा बाटली लाव म्हणतोय.

घरी तिची छाती दुधाने दगड व्हायची. ती मोरीत उभी राहून दूध पिळून टाकायची आणि नळ सोडून रडायची. बाहेर सासूबाई नातीला थोपटत म्हणायच्या, "दिवसभर घरात टिकायचं नाही, मग लेकराने ओळखायचं तरी कसं?" नवरा बोलताना तिच्या खांद्याच्या जरा बाजूला बघायचा. पण तो लग्न झाल्यापासून तसाच बघत आला होता, त्यात नवीन ते काय!

नवीन होतं ते मुलीचं. मुलगीही आता तिला सोडून तिच्या खांद्याच्या बाजूला बघायची. बघून हसायची, आणि दोन्ही हात पुढे करायची.

साखर तशीच प्रयोगशाळेत गेली आणि तेल न लावता पिंजऱ्यासमोर बसली.

"आज काही चाचणी नाही," रसायनवाला म्हणाला.

"नसू दे. मला एकदा चावू दे रे त्यांना. एकदाच."

तिने दोन्ही हात आत घातले. डास उठले, तिच्या उजव्या हाताच्या दिशेने आले आणि वीतभर अलीकडेच थांबले. मग एकेक करून हवेत बसले. बोटांवर बसावेत तसे, पाच ओळींत. खाली काहीच नव्हतं.

त्यांची पोटं हळूहळू लाल होत गेली.

"हात काढ," रसायनवाला पुटपुटला.

तिने दोन्ही हात बाहेर काढले. डास पीतच राहिले.

तो उठला आणि तिच्याकडे न बघता खोलीबाहेर गेला.

ती धावतपळत घरी आली. भर दुपार होती, पलंगावर ऊन पडलं होतं. मुलगी कुशीवर वळून निजली होती, पण रडत नव्हती. तोंड हवेला लागलेलं होतं आणि ओठ चुटूचुटू हलत होते. गळ्याखाली घोट उतरताना दिसत होता. ओठाच्या कोपऱ्यातून दुधाचा पांढरा ओघळ गादीवर आला होता.

साखरने छातीला हात लावला. रस्ताभर ठणकत होती. आता मऊ पडली होती.

"दे," ती म्हणाली. "माझी आहे ती. दे इकडे!"

तिने मुलीला उचललं. मुलगी जीव खाऊन किंचाळली. तिने तिला परत खाली ठेवलं. मुलगी वळली आणि पिऊ लागली.

सासूबाई दारात आल्या. त्यांचा चेहरा खुलला.

"पिऊ लागली ना शेवटी? बाई गं, जिवात जीव आला माझ्या."

इतक्या मायेने त्या तिच्याशी कधीच बोलल्या नव्हत्या. आताही तिच्याशी बोलत नव्हत्या.

"आई," साखर म्हणाली, "मी इकडे आहे."

सासूबाईंनी तिच्या अंगावरून हात नेत उशी उचलली आणि मुलीच्या शेजारी, रिकाम्या जागी ठेवली.

"डोक्याखाली घे गं, मान अवघडेल तुझी."

उशीत मधोमध हळूच खळगा पडला.