चकचकीत चाकं

"ताई, ब्रेक लागत नाहीयेत!"

किंकाळी ऐकून मिरचीने मान वळवली, तोच तिचा अकरा वर्षांचा भाऊ टिल्लू शेजारून सुसाट पुढे गेला. समोर वळण होतं आणि वळणापलीकडे दरी!

"डावीकडे घे! मुरमात घाल सायकल!"

टिल्लूने हँडल फिरवलं. सायकल रस्त्याकडेच्या मुरमाच्या ढिगात घुसली आणि टिल्लू उडून पलीकडे पडला. मिरचीने ब्रेक आवळले, तर तिचीही सायकल थांबेना! बूट घासत घासत ती कशीबशी थांबली आणि भावाकडे धावली.

टिल्लूचं हेल्मेट शाबूत होतं, पण मनगट टम्म फुगलं होतं.

मागून टेम्पो आला. त्यातून सहलीचे प्रमुख सर उतरले. "शंभरदा सांगितलं होतं, उतारावर मस्ती नको म्हणून! ऐकाल तर शपथ!"

"मस्ती नाही केली, सर," टिल्लू रडवेला झाला. "मी ब्रेक दाबले होते."

"ब्रेक दाबले असते तर सायकल थांबली असती. चला, याला दवाखान्यात नेऊ. बाकीच्यांनी सायकली ढकलत विश्रामगृहावर परत जायचं. मी आलो की निघू."

मिरचीची कानशिलं तापली. तीन दिवसांच्या डोंगरी सहलीचा हा दुसराच दिवस. काल सगळा चढ टिल्लूने एकदाही न उतरता पार केला होता. आणि आज त्याला खोटारडा ठरवायचं?

विश्रामगृहाच्या अंगणात तिने सायकल भिंतीला टेकवली. "काल घाटात ब्रेक ठीक होते. मग एका रात्रीत काय झालं?"

तिचा मामेभाऊ प्रोफेसर चाकाशी उकिडवा बसला. जाड चष्म्यामुळे त्याला ते नाव पडलं होतं. त्याने वहीचं एक पान फाडलं आणि चाकाच्या कडेवर, जिथे ब्रेकचं रबर घासतं तिथे, दाबून धरलं. पानावर पिवळट डाग उमटला. त्याने वास घेतला.

"तेल! ब्रेकच्या जागी तेल!"

दोघांनी मिळून एकूण एक सायकल तपासली. बाराच्या बारा तेलकट!

"हा काय उद्योग चाललाय?" सायकली दुरुस्त करणारे मिस्त्रीकाका धावत आले. डागाळलेली पानं बघून त्यांचा चेहरा उतरला.

"काका, तेल कोणी लावलं?" मिरचीने थेट विचारलं.

"मीच," ते पुटपुटले. "काल रात्री सर म्हणाले, सकाळी सहलीच्या जाहिरातीसाठी फोटो काढायचाय, चाकं चकचकीत दिसू देत. मी म्हटलं, कडेला तेल लागलं तर ब्रेक धरणार नाहीत. ते म्हणाले, थेंबभर तेलाने काय आभाळ कोसळतंय? आणि मी ऐकलं! अक्कल गहाण ठेवली होती माझी!"

"फोटोसाठी?" मिरची उसळली. "माझा भाऊ दरीत गेला असता, काका!"



तासाभराने टेम्पो परतला. टिल्लूच्या हाताला प्लास्टर होतं. सर उतरले आणि टाळ्या वाजवू लागले. "चला, चला, उशीर झालाय! उताराला लागा!"

मिरची फाटकात आडवी उभी राहिली. "नाही जाणार! ब्रेकवर तेल आहे."

"मला शिकवतेस? बाजूला हो!"

तिला ओरडावंसं वाटत होतं, पण ती दात आवळून म्हणाली, "ठीक आहे, सर. तुम्ही अंगणात एक फेरी मारून दाखवा. सायकल थांबली, तर मी तुमची माफी मागेन."

सगळी मुलं बघत होती, आता माघार कशी घेणार? सर ऐटीत मिरचीच्या सायकलवर बसले. अंगणाच्या टोकाला धुतलेल्या चादरी वाळत होत्या. सरांनी वेग घेतला, ब्रेक दाबले, पुन्हा दाबले...

"अरे! अरे! थांब ना!"

धप्प! दोन चादरी आणि दोरीसकट सर सायकलखाली!

मुलं खो खो हसली. मिरची मात्र हसली नाही. ती चादरीजवळ गेली. "सर, इथे चादरी होत्या. तिथे दरी होती."

हसू जागच्या जागी थांबलं. सर उठले. ते टिल्लूसमोर येऊन वाकले. "चूक माझी होती, बाळा," ते म्हणाले. "आणि मी तुलाच बोल लावला."

दुपारभर सगळ्यांनी साबणाच्या पाण्याने चाकं घासली. मिस्त्रीकाकांनी ब्रेकची रबरं नवी बसवली आणि प्रत्येक सायकल स्वतः चालवून बघितली. सर बादल्या वाहत होते.

तिसऱ्या दिवशी शेवटचा घाट उतरताना मिरचीचे ब्रेक घट्ट धरत होते. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं. टेम्पोच्या खिडकीतून टिल्लू बेंबीच्या देठापासून ओरडत होता, "दाब पायडल, ताई!" अकरा सायकली मुक्कामाला पोचल्या. बारावी टेम्पोत होती.

तिथे आई-बाबा वाट बघत होते. सरांनी सगळ्या पालकांसमोर घडलेलं काहीही न लपवता सांगितलं. "या मुलीने फाटक अडवलं नसतं, तर आणखी मुलं पडली असती. प्रोफेसरने तेल शोधलं. दोघांनी मला शहाणं केलं."

बाबांनी प्रोफेसरची पाठ थोपटली आणि मिरचीला जवळ घेतलं. "शाब्बास, पोरी! राग गेला का आता?"

"निम्मा," मिरची म्हणाली. "उरलेला टिल्लूचं प्लास्टर निघेल तेव्हा बघू."

"आणि मग," टिल्लू तावातावाने म्हणाला, "हा घाट मी पुन्हा उतरणार आहे. स्वतः!"