जाईबाईचं गाऱ्हाणं

गिरणीतून पीठ आणायला निघालो होतो, एवढंच. मंडणगडच्या उतारावर डंपरनं मोटारसायकल उडवली, आणि शुद्धीवर आलो तो रत्नागिरीच्या दवाखान्यात. खुब्याची वाटी फुटली होती. डॉक्टरांनी पट्टी आणि स्क्रू घालून ती जुळवली आणि बजावलं, "तीन महिने या पायावर भार टाकायचा नाही."

घरी पोचलो तेव्हा माझी आई, जाईबाई, देवळातून परतत होती. गुरवाकरवी तिनं वाघजाईला गाऱ्हाणं, म्हणजे देवीपुढं बोलून दाखवायचं मागणं, घातलं होतं. म्हणाली, "माज्या पोराचा भार मी उचलीन, असं सांगून आलेय."

मी हसलो. देवीकडे हाडांचा कारभार कधीपासून आला, असंही विचारलं. मास्तरकीची खोड, दुसरं काय.

तीन महिन्यांनी परवानगी मिळाली. वॉकर सोडून अंगणात चार पावलं टाकली. जरासुद्धा दुखलं नाही. पाय जणू माझा नव्हताच. इतक्यात घरात काहीतरी धप्पकन पडलं.

आई चुलीपाशी कोसळली होती.

"कुठून पडल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुठूनच नाही. बसून चूल फुंकत होती."

त्यांनी आमच्या दोघांचे एक्स-रे शेजारी शेजारी धरले. तीच बाजू, तीच वाटी, तशीच चीर. शस्त्रक्रिया तिच्या वयाला झेपणारी नव्हती. पंधरवड्यात ती गेली.

आई पडल्यापासून पुन्हा वॉकरच धरला होता. तेरावं उरकलं आणि तो सोडून मी खाटेवरून उठलो. पाय तसाच हलका. पायरीवर खेळणारी माझी नऊ वर्षांची शमिका मटकन खाली बसली आणि खुबा धरून रडायला लागली.

मी तसाच मागं खाटेवर बसलो. गुरवाला घरी बोलावून घेतलं.

"भिकाजी, ते गाऱ्हाणं मागं घे."

"मास्तर... गाऱ्हाणं एकल्याच्या नावानं घालीत न्हाईत. म्हातारीनं आपल्यापुरतं सांगितलं. मी रीतीपरमानं सगळ्या घराच्या नावानं घातलं."

"मग आता?"

"मागं घ्यायला मागणारीच लागते..."

तेव्हापासून मी उठलेलो नाही. डॉक्टर म्हणतात, हाड झकास जुळलंय, भीती मनाची आहे. शेजारी आळशी म्हणतात. म्हणू देत. मला स्वतःची काही आशा उरलेली नाही. पोरीचा पाय वाचावा, एवढंच मागणं आहे. झोपेतसुद्धा उठू नये म्हणून बायको, दीपाली, रोज रडत रडत माझे पाय कासऱ्यानं खाटेला बांधते.

आज सकाळी शमिका भिंतीला धरधरून माझ्यापाशी आली.

"बाबा... माझा पाय पहाटेपर्यंत ठणकत होता. रात्रभर कुठे चालत होतात तुम्ही?"

मी पांघरूण बाजूला केलं. कासरा खाटेला करकचून बांधलेला होता. दीपालीनं मारलेली गाठ तशीच होती.