भिंतीकडे तोंड करून

मी गणिताची शिक्षिका. पस्तीस वर्षं पोरांना पडताळा करायला लावलाय, म्हणून संगमनेरच्या त्या दुकानात काय घडलं ते क्रमानंच सांगते.

उजवा खांदा जखडल्यापासून माझ्या थोरल्या भावाची, अँड्र्यूदादाची मोठी गिटार मला कवेत घेता येत नाही. तो जाऊन वर्ष होत आलं होतं; रविवारी चर्चमध्ये त्याच्या वर्षस्मरणाची उपासना होती आणि त्याचं आवडतं गीत मी वाजवणार, असं पाळकसाहेबांना सांगून बसले होते. अंगानं लहान पण आवाजानं भरदार गिटार हवी होती. हातात दोन दिवस होते.

आमच्या घरी वाद्य निवडायची एक रीत. घेणाऱ्यानं भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि दुसऱ्यानं मागे वाजवायचं. दादा म्हणायचा, "दीने, चकाकी दिसली की तू बहिरी होतेस." खरंच होतं ते. मी गायला कधी सुरुवात करायची ते सांगायला तो अंगठ्यानं गिटारच्या लाकडावर दोनदा टकटक करायचा. फार आठवण येते त्याची, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

दुकानदार हर्षल हसला, पण तयार झाला. भिंतीला तबल्याच्या गवसण्या टांगल्या होत्या, त्यांच्याकडे तोंड करून मी स्टुलावर बसले. पहिली गिटार डब्यात खडे हलवल्यासारखी वाजली. मी नकारार्थी मान हलवली.

जरा वेळानं दुसरी सुरू झाली. खोल, उबदार आवाज, खर्जसुद्धा शाबूत. आणि गीत दादाचंच. हर्षलला कसं ठाऊक, असं मनात येतंय तोच लाकडावर दोनदा टकटक झाली.

मी गायले. वर्षभरात पहिल्यांदा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी अख्खं कडवं गायले.

"हीच द्या," मी भिंतीलाच सांगितलं.

"कंची, मॅडम?"

आवाज लांबून आला. मी वळले. हर्षल गोदामाच्या दारात उभा होता, हातात बंद खोकं.

"दुसरी आत्ता काढून आणतोय. लई छान गायलात, आतपर्यंत ऐकू आलं."

"आणि गिटार?"

"गिटार कुठं वाजत हुती? नुसतंच म्हणत हुता की तुमी."

त्यानं खोकं फोडलं. आतली गिटार बेताची, मांडीत मावेल अशी. तारा सैल पडलेल्या. त्यानं खुंट्या पिळून त्या सुरात लावल्या, गिटार काउंटरवर ठेवली आणि कव्हर शोधायला आत गेला.

मी ती उचलायला गेले. ती आली नाही.

कुठे अडकली नव्हती, मी नीट पाहिलं. पुन्हा ओढली. पलीकडून कोणी धरून ठेवावी तशी जड.

"दादा, रविवारी मला वाजवायचीय," मी हळूच म्हणाले. "सोड आता."

ती सुटली. एकदम नाही. एकेक बोट सैल होत गेल्यासारखी.