मागच्या खोलीचे गाऱ्हाणे

मुळगाव येथील गुरुदास भाटकारांचे तीन मजली घर वैशाखात पूर्ण झाले, तेव्हा त्यांनी सर्व मजल्यांस मिळून एकच शीतयंत्र बसवून घेतले. प्रत्येक खोलीत सुपारीएवढा पांढरा सेन्सर होता. खोलीत माणसे किती व उष्णता किती, हे तो मोबाईलवर कळवी. आणि जेथे माणूस असेल तेथेच यंत्र गारवा सोडी. भाटकारांची एकुलती कन्या सेजल बाळंतपणासाठी माहेरी येणार होती. तळमजल्यावरची मागची खोली तिच्यासाठीच सजविली होती.

गतवर्षीपर्यंत त्या जागी चंद्रावतीचे मातीचे घर होते. ती मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहणारी. कायद्याने तिला हलविता येईना, म्हणून गुरुदासांनी ऐन मे महिन्यात माणसे लावून तिच्या छपराचे नळे, म्हणजे कौले, उतरविले. म्हातारी तरीही उघड्या वाशांखाली बसून राहिली. तिसऱ्या दुपारी ऊन लागून ती मेली.

गृहप्रवेशाला देवाला गाऱ्हाणे घालताना, म्हणजे सर्वांच्या 'होय म्हाराजा'च्या साथीने साकडे घालताना, शेजारचा जयराम गावकार थांबला. "भाटकारानू, जाग्याच्या मूळ माणसाचे नाव घेवंक जाय. घेव?"

"नाव घेतले तर हक्क मानल्यासारखो जाता," गुरुदास म्हणाले. "फुडें चल."

जयराम पुढे गेला. नाव राहिले.

सेजल आली त्या दुपारी गुरुदासांनी कौतुकाने मोबाईल उघडला. मागची खोली: माणसे एक, उष्णता एकेचाळीस. सेजल तर त्यांच्यासमोर चहात पाव बुडवीत बसली होती.

यंत्र बसविणाऱ्या गौरेशने येऊन सेन्सर बदलला. आकडा तोच राहिला.

"सेन्सर बरो आसा, भाटकारानू. भितर कोण तरी बसलां म्हणटा तो."

"रिकाम्या खोलीत?"

"म्हाका कितें विचारता? ताकाच विचारात!" गौरेश हसला. मग त्याने उंबऱ्याबाहेर पाऊल मागे घेतले आणि हत्यारे न मोजताच पिशवीत भरली.

तिसऱ्या दुपारी सेजल त्या खोलीत आडवी झाली होती. मोबाईलवर माणसे दोन झाली. यंत्र घुमू लागले, दारातून थंडगार वारा येऊ लागला. परंतु पलंगाच्या लोखंडाला हात लावू गेलेल्या तिच्या आईने, विमलाबाईंनी, बोटे झटकली.

"पप्पा," सेजल कण्हत म्हणाली, "म्हज्या पोटार ऊन पडटा."

खिडकीचे पडदे ओढलेले होते.

नवराबायकोने तिला उचलून तिसऱ्या मजल्यावर नेले. घटकाभरात मोबाईलवर मागची खोली रिकामी झाली, आणि तिसऱ्या मजल्यावर एक माणूस जास्त दिसू लागला. एकेचाळीस. बेचाळीस. रुग्णवाहिकेला फोन केला, ती डिचोलीहून निघाली होती. सेजलने आता ओरडणे सोडले होते. सेजलला शेजारणीच्या स्वाधीन करून विमलाबाईंनी जयरामला हाक मारली.

"ह्या खेपेक गाऱ्हाणें तुमीच घालात," जयराम म्हणाला. "तुमच्या तोंडान."

गुरुदास मागच्या खोलीत हात जोडून उभे राहिले.

"बा म्हाराजा, ह्या जाग्यार चंद्रावती रावताली."

"होय म्हाराजा," दारातून दोघे म्हणाले.

"ती आपणाहून गेली."

जयरामने जोडलेले हात सोडले. विमलाबाईंनी मान फिरविली. मोबाईल चव्वेचाळीस दाखवू लागला.

"सांगा हो!" त्या ओरडल्या. "पोर वयर मरता!"

"नळे हांवेंच काडयले," गुरुदास म्हणाले. "तिका उन्हांत हांवेंच मारली."

"होय म्हाराजा," जयराम म्हणाला.

"होय म्हाराजा," विमलाबाई म्हणाल्या.

आणि आणखी कोणी तरी, खालून, जमिनीवर बसून म्हणावे तसे.

आकडा उतरला. पस्तीस. एकोणतीस. सव्वीस. विमलाबाई वर धावल्या, तेव्हा सेजलने पाणी मागितले. पोटातले मूल ढुशी देत होते. विमलाबाई रडत हसत खाली आल्या.

"अहो, पोर बरी आसा!"

खोली गार होती. गुरुदास जमिनीवर बसले होते. त्यांचे ओठ फुटले होते. डोक्यावर तीन मजल्यांचा स्लॅब असता, त्यांनी कपाळावर आडवा हात धरला होता. आणि डोळे किलकिले करून ते सरळ वर पाहत होते.